चाकाची पारख : मोटारीच्या जोडभागांतील अस्सल आणि नक्कल

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गातील एक विद्यार्थी पोत्यात गुंडाळलेले एक चाक घेऊन वर्कशॉपमध्ये आला. घरच्या जुन्या छोट्या मोटारीला त्याने स्पोर्ट्स कारचे रूप द्यायला घेतले होते. मूळची पोलादी चाके काढून त्या जागी चकचकीत ॲलॉय चाके बसवली होती. चोर्ला घाटातून गोव्याकडे जाताना एका वळणावर चाक खड्ड्यात आदळले आणि टायरमधील हवा क्षणात निघून गेली. मागच्या आसनावर त्याची आई आणि धाकटी बहीण होती. गाडी सावकाश चालली होती, म्हणून कोणाला इजा झाली नाही.

"टायर फाटलंय म्हणून बघितलं तर टायर बरं आहे, सर. चाकच गेलंय," तो म्हणाला.

"घेताना पाहून घेतलं नव्हतंस?"

"नाव बघून घेतलं की हो, सर. जपानचं अस्सल आहे म्हणून सांगितलं."

"आणि पावती?"

पावतीवर 'चाके, चार नग' एवढेच होते. कंपनीचे नाव नाही, क्रमांक नाही, माप नाही.

त्या चाकाचे आम्ही पुढे काय केले ते लेखाच्या शेवटी येईलच. परंतु त्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. यंत्रशास्त्र शिकणाऱ्या मुलालाही चाक विकत घेताना काय विचारावे हे ठाऊक नव्हते, कारण आपण ते कधी शिकवलेलेच नाही. ही उणीव थोडीफार भरून काढावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जोडभागांचा बाजार कसा उभा राहिला

मोटार कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर मालक बाजारातून जे भाग घेऊन तिला बसवतो, त्यांना आफ्टरमार्केट भाग म्हणतात. आपण त्यांना सोयीसाठी जोडभाग म्हणू. ही हौस शर्यतीच्या मैदानातून आली आहे. १९२४ साली बुगाटी या फ्रेंच कारखान्याने आपल्या 'टाइप ३५' या शर्यतीच्या गाडीला ॲल्युमिनियमची ओतीव चाके बसवली. १९६६ साली जर्मनीतील पोर्शे कंपनीने आपल्या '९११ एस' या गाडीला ऑटो फुक्स या कारखान्याची घडीव ॲल्युमिनियमची चाके दिली. पाच पाकळ्यांच्या फुलासारखे दिसणारे ते चाक आजही ओळखले जाते.

पुढे केवळ चाकेच करणाऱ्या कंपन्या नावारूपाला आल्या. १९७० मध्ये जर्मनीतील शिल्टाख गावी हाइनरिश बाउमगार्टनर आणि क्लाउस ब्रांट यांनी 'बी.बी.एस.' सुरू केली. दोन आडनावे आणि गावाचे नाव यांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. जपानमध्ये एन्काई ही कंपनी १९५० पासून, तर रेज ही १९७३ पासून काम करीत आहे. एन्काईच्या नावाचा एक कारखाना आपल्या जवळ, पुण्यानजीक शिक्रापूर येथेही आहे. रेजचे 'टी.ई. ३७' हे सहा आऱ्यांचे घडीव चाक १९९६ साली आले. १५ इंच व्यासाच्या आणि ६ इंच रुंदीच्या या चाकाचे वजन ३.७ किलो होते, त्यावरूनच त्याला ३७ हा आकडा मिळाला.

हा तपशील देण्याचे कारण असे की, नक्कल करणारे नेमकी अशीच चाके निवडतात. सहा आरे आणि एक नाव यांची नक्कल करणे सोपे असते. अवघड असते ते ३.७ किलो वजनात पुरेसे बळ ठेवणे.

हलक्या चाकाचा खरा लाभ किती?

"चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो," असे हौशी मंडळींत पुष्कळदा ऐकू येते. हा हिशेब आपण स्वतःच करून पाहू. फिरणाऱ्या वस्तूला वेग देताना तिला पुढे ढकलावे लागते आणि फिरवावेही लागते, म्हणून तिचे परिणामी वस्तुमान प्रत्यक्षाहून जास्त भरते. ही वाढ वस्तुमान अक्षापासून किती दूर आहे, यावर अवलंबून असते. टायरची त्रिज्या २८८ मिलिमीटर आणि १५ इंची चाकाची त्रिज्या सुमारे १९० मिलिमीटर धरू. चाकाचे सगळे वजन अगदी कडेला आहे असे मानले, तरी १९० भागिले २८८ याचा वर्ग ०.४४ येतो. म्हणजे एक किलो जास्तीत जास्त १.४४ किलोइतका भरेल. प्रत्येक चाकामागे ३ किलो वाचले तर चार चाकांचे १२ किलो होतात आणि परिणामी बचत फार तर १७ किलोंची होते. दहापटीची भाषा गणितात टिकत नाही.

मग शर्यतीतील मंडळी हलक्या चाकासाठी एवढा खर्च का करतात? चाक, टायर आणि ब्रेक यांचे वजन स्प्रिंगच्या खाली असते. खडबडीत रस्त्यावर हे वजन वर उडते आणि त्याला पुन्हा रस्त्यावर टेकवण्याचे काम स्प्रिंग व शॉकॲब्सॉर्बर यांना करावे लागते. हे वजन जितके कमी, तितका टायर रस्त्याला धरून राहतो. लाभ खरा आहे, मात्र तो चांगल्या घडणीच्या चाकातूनच मिळतो. पुष्कळशा स्वस्त नकला मूळच्या पोलादी चाकाएवढ्या किंवा त्याहूनही जड असतात. तेथे पैसे जातात ते केवळ देखाव्यासाठी.

रंगाखाली काय दडते

बेळगावच्या विद्यार्थ्यांना ओतकाम नवे नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या घरचे कोणी ना कोणी फौंड्रीत काम करते. आपल्या फौंड्रीतील काम मुख्यतः बिडाचे असते, तर चाकाचे ओतकाम ॲल्युमिनियमचे. परंतु तत्त्वे तीच. ओतीव चाकांसाठी बहुधा 'ए ३५६' हा मिश्रधातू वापरतात. त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि ०.३ टक्क्याच्या आसपास मॅग्नेशियम असते. चांगले कारखाने हा रस कमी दाबाने खालून साच्यात चढवतात, म्हणजे तो खळखळत नाही आणि हवा कोंडत नाही.

येथे पहिला चोर आहे हायड्रोजन. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये तो भरपूर विरघळतो आणि धातू थिजताना बाहेर पडू पाहतो. बाहेर पडता आले नाही तर बारीक छिद्रे राहतात. तो येतो मुख्यतः ओलाव्यातून. मृगाच्या पावसात भिजलेला कच्चा माल तसाच भट्टीत टाकला तर काय होते, हे फौंड्रीतील जुन्या कारागिराला विचारावे. म्हणूनच रसातून आरगॉन किंवा नायट्रोजन वायू सोडून हायड्रोजन काढावा लागतो आणि तयार चाकाची क्ष-किरणांनी तपासणी करावी लागते.

दुसरी पायरी उष्णोपचाराची. चाक सुमारे ५४० अंश सेल्सिअस तापमानाला काही तास ठेवतात, एकदम पाण्यात थंड करतात आणि मग दीडशे अंशांच्या आसपास पुन्हा काही तास तापवतात. त्यामुळे मॅग्नेशियम व सिलिकॉन यांचे अतिसूक्ष्म कण धातूत सर्वत्र पसरून त्याला बळकटी देतात. शिवाय सिलिकॉनचे सुईसारखे टोकदार कण गोलसर होतात. टोकदार कणापासून चीर लवकर सुरू होते, गोल कणापासून उशिरा.

घडीव चाकाची गोष्ट निराळी. त्यात धातूचा ठोकळा प्रचंड दाबाखाली आकाराला आणतात, छिद्रे राहत नाहीत आणि कमी धातूत अधिक बळ मिळते. अर्थात प्रेस आणि साचे महाग, म्हणून चाकही महाग.

आता विचार करा. वायू काढणे, क्ष-किरण तपासणी आणि उष्णोपचार या तिन्ही गोष्टींना वेळ, वीज आणि पैसा लागतो. त्या गाळल्या तरी रंग दिलेल्या चाकाच्या रूपात काहीच फरक पडत नाही. चाकाचा खरेपणा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तो सिद्ध करण्याचे ओझे चाचणीवर, चाचणीच्या खुणेवर आणि त्या खुणेमागे उभ्या असलेल्या कारखान्यावर पडते.

चाचण्या आणि खुणा

चाकाच्या मुख्य चाचण्या तीन. पहिलीत चाकाला सतत फिरता वाकडा जोर देतात, म्हणजे वळण घेताना आऱ्यांवर येणारा ताण लाखो वेळा दिला जातो. दुसरीत टायरसह चाक मोठ्या ढोलावर भार देऊन दीर्घकाळ फिरवतात. तिसरी आघाताची. आंतरराष्ट्रीय मानक 'आय.एस.ओ. ७१४१' प्रमाणे चाक १३ अंशांत तिरपे बसवून त्याच्या कडेवर २३० मिलिमीटर उंचीवरून वजन टाकतात. किती वजन? चाकाच्या कमाल भाराच्या ०.६ पट आणि वर १८० किलो. ४५० किलो भाराच्या चाकासाठी हे वजन २७० अधिक १८०, म्हणजे ४५० किलो होते. एवढ्या घावानंतर चाकाच्या मध्यभागी आरपार चीर पडता कामा नये आणि टायरमधील सगळी हवा एका मिनिटात जाता कामा नये. चोर्ला घाटातील त्या खड्ड्याची परीक्षा हीच होती.

जपानमध्ये अशा चाचण्यांना उतरलेल्या चाकावर 'जे.डब्ल्यू.एल.' ही अक्षरे उठवतात. मात्र ही खूण कारखाना स्वतःच्या जबाबदारीवर लावतो. 'व्ही.आय.ए.' ही दुसरी खूण अधिक मोलाची, कारण तिच्यामागे त्रयस्थ संस्थेची तपासणी व नोंदणी असते. जर्मनीत चाकावर 'के.बी.ए.' क्रमांक असतो. फ्लेन्सबुर्ग येथील सरकारी मोटार कार्यालयाचा हा क्रमांक असून, ते चाक कोणकोणत्या गाड्यांना चालेल हे त्याच्या परवानापत्रात लिहिलेले असते. मंजुरी नसलेले चाक बसवले तर तेथे गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच धोक्यात येतो. आपल्याकडे प्रवासी मोटारींच्या चाकांसाठी भारतीय मानक 'आय.एस. ९४३६' आहे.

परंतु साच्यात चार अक्षरे कोरायला काही लागत नाही. नकली चाकावरही 'जे.डब्ल्यू.एल.' दिसते. म्हणून खूण हा पुराव्याचा आरंभ मानावा, शेवट मानू नये. अस्सल चाकावर खुणेबरोबर कारखान्याचे नाव, व्यास व रुंदी, ऑफसेट, कमाल भार आणि ओतल्याची किंवा घडवल्याची तारीख असते. हे सारे आऱ्यांच्या मागच्या बाजूला वा आतल्या कडेला स्पष्ट उमटलेले हवे. वर चिकटवलेल्या कागदाला फारसा अर्थ नाही.

नक्कल आणि फसवणूक यांत फरक करावा

बाजारात मिळणाऱ्या चाकांचे चार वर्ग पडतात. पहिला, मोटार कंपनीने स्वतः दिलेली चाके. दुसरा, नामांकित चाक कंपन्यांची अस्सल चाके. तिसरा, प्रसिद्ध आकाराशी साम्य असलेली, परंतु स्वतःच्याच नावाने आणि स्वतःच्या चाचणीपत्रासह विकली जाणारी चाके. चौथा, दुसऱ्याचे नाव आणि खोटी खूण लावलेली चाके.

तिसऱ्या वर्गाविषयी जाणकारांत मतभेद आहेत. एखाद्याने कष्टाने काढलेला आकार उचलणे उचित नव्हे, हा आक्षेप योग्यच आहे. तरी सुरक्षिततेपुरते बोलायचे तर, चाचणीला उतरलेले आणि आपले नाव न लपवणारे साधे चाक वापरता येते. चौथ्या वर्गाला मात्र कोठलीच सूट देता येत नाही. ज्याने नाव खोटे लावले, त्याने भाराचा आकडा खरा लावला असेल असे मानायला आधार काय? आणि चाक मोडले तर जाब कोणाला विचारायचा? अस्सल या शब्दाचा व्यवहारातला अर्थ हाच, की या वस्तूबद्दल उत्तर द्यायला कोणीतरी बांधलेला आहे.

चाक अस्सल असले तरी गाडीला बसते का?

अस्सल चाकही चुकीच्या गाडीला घातक ठरते. यासाठी पाच गोष्टी पडताळाव्यात. उदाहरण म्हणून १९८९ साली आलेली माझदाची दोन आसनी 'एम.एक्स. ५' ही गाडी घेऊ. जगभर जिच्यात सर्वाधिक फेरफार होतात, अशा गाड्यांपैकी ती एक आहे.

१. बोल्टांचे वर्तुळ. या गाडीला चार बोल्ट १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर आहेत. फियाटच्या अनेक गाड्यांना हेच वर्तुळ ९८ मिलिमीटरचे असते. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना कळत नाही. चाक जोर लावून बसतेही, पण बोल्ट तिरपे आवळले जातात.

२. मधले भोक. या गाडीच्या हबचा व्यास ५४.१ मिलिमीटर आहे. जोडचाकाचे भोक अनेक गाड्यांना चालावे म्हणून पुष्कळदा मोठे ठेवलेले असते. मधली फट भरायला नेमक्या मापाची कडी घालावी, म्हणजे चाक अचूक मध्यावर बसते आणि थरथर होत नाही.

३. ऑफसेट. चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांतील हे अंतर. मूळ चाक ५.५ इंच रुंद आणि ऑफसेट ४५ मिलिमीटर. त्याऐवजी ७ इंच रुंद आणि ३५ ऑफसेटचे चाक घेतले तर काय होईल? कडांची जाडी सोडून हिशेब करू. मूळ चाक हबच्या पृष्ठभागापासून आत ११५ आणि बाहेर २५ मिलिमीटर जाते. नवे आत १२४ आणि बाहेर ५४ मिलिमीटर जाईल. आत ९ आणि बाहेर २९ मिलिमीटर जागा आहे का, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर कोठे घासतो का, हे आधी मोजून पाहावे. चाक जितके बाहेर जाईल तितका बेअरिंगवरचा ताणही वाढतो.

४. टायरचा एकूण व्यास. मूळ टायर १८५/६० आर १४, त्याचा व्यास ५७७.६ मिलिमीटर. १५ इंची चाकावर १९५/५० चा टायर घेतला तर व्यास ५७६ भरतो. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी, म्हणून वेगदर्शक काट्यात दोष येत नाही.

५. भार आणि नट. गाडीच्या त्या आसावरील कमाल भाराची निम्मी रक्कम चाकावर उठवलेल्या आकड्यापेक्षा जास्त नसावी. नटाचे टेकण्याचे तोंड शंकूसारखे आहे की गोलाकार, हेही पाहावे. होंडाच्या मूळ चाकांचे नट गोल तोंडाचे असतात, तर बाहेरची पुष्कळ चाके शंकूच्या तोंडाची. जुने नट नव्या चाकाला लावले तर ते नीट टेकत नाहीत आणि ढिले होतात.

इतर भाग

चाकाला जे लागू, तेच ब्रेकच्या पॅडला. युरोपातील 'नियम ९०' प्रमाणे बदली पॅडची रोधशक्ती मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत जुळावी लागते आणि तसे मान्यतेचे अक्षर व क्रमांक पॅडवर असतात. शर्यतीच्या खोलगट आसनांचीही खूप नक्कल होते. 'एफ.आय.ए. ८८५५-१९९९' या मानकाच्या आसनावर क्रमांकाची पट्टी आणि निर्मितीची तारीख असते व त्याची मुदत मूळतः पाच वर्षांची धरतात. केवळ कापडावर नाव विणलेल्या आसनाला हा आधार नसतो. गिअरचा मुठा किंवा पायाखालची चटई नकली असली तर नुकसान फक्त खिशाचे होते. पण चाक, ब्रेक, स्टिअरिंग, आसन आणि पट्टा या पाच ठिकाणी काटकसर करू नये.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे. तेव्हा मोटारीच्या पुस्तिकेत कोणती मापे मान्य आहेत ते आधी पाहावे आणि शंका असल्यास परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.

घेताना पावतीवर कंपनीचे नाव, चाकाचे माप आणि क्रमांक लिहून घ्यावा. अधिकृत विक्रेता कोण, हे कंपनीकडूनच ताडून पाहावे. शक्य असेल तर चाक वजनकाट्यावर ठेवावे. प्रसिद्ध केलेल्या वजनापेक्षा ते दोन किलो जास्त भरले, तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. जुनी चाके घेताना रंग नवा असेल तर अधिकच सावध व्हावे, कारण वेल्डिंग करून झाकलेली चीर रंगाखाली सहज लपते.

आता त्या चाकाविषयी. आम्ही ते धुऊन त्यावर भेदक रंगद्रव लावला. आऱ्याच्या मुळाशी तांबडी रेघ उमटली. चीर कडेपर्यंत गेली होती. मागच्या बाजूला 'जे.डब्ल्यू.एल.' अक्षरे होती, पण 'व्ही.आय.ए.' ची खूण, भाराचा आकडा, तारीख यांपैकी काहीही नव्हते. विद्यार्थ्याच्या संमतीने चाक कापले. कापलेल्या तोंडावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे साध्या डोळ्यांनी दिसत होती. ब्रिनेल काठिण्य पंचावन्नच्या आसपास आले. योग्य उष्णोपचार झालेल्या 'ए ३५६' चे ते सत्तरच्या पुढे असावयास हवे. एकाच चाकावरून सगळ्या बाजाराविषयी निष्कर्ष काढता येत नाही, हे आम्ही जाणतो. त्या एका चाकाविषयी मात्र शंका उरली नाही.

विद्यार्थ्याने उरलेली तीन चाकेही उतरवली आणि मूळची पोलादी चाके पुन्हा चढवली. ती दिसायला साधी आहेत, पण त्यांच्यासाठी उत्तर देणारा कारखाना आहे. कापलेला तुकडा वर्कशॉपच्या काचेच्या कपाटात ठेवला आहे. ज्यांना चाके बदलण्याचा विचार आहे, मग ते कोणत्याही शाखेचे असोत, त्यांनी पैसे देण्यापूर्वी एकदा येऊन तो पाहून जावा.